दहावी-बारावीच्या खासगी दाखल्याची मान्यता कशी तपासायची: पैसे भरण्याआधीचे टप्पे

पहिला हप्ता भरून झाला, पावती हातात आली आणि मग कुणीतरी विचारलं, ‘अहो, पण त्या बोर्डाला मान्यता आहे का?’ बहुतेकांची तपासणी इथून सुरू होते, आणि तीही ज्यानं पैसे घेतले त्यालाच विचारून. तो फाइल उघडतो, शिक्के-सह्यांचे पाचसात कागद पुढे करतो आणि माणूस समाधानानं घरी जातो. दोन वर्षांनी कॉलेजच्या खिडकीवर, आयटीआयच्या कागद-तपासणीत किंवा भरतीच्या पडताळणीत तोच दाखला परत येतो.

चूक मान्यता न तपासण्याची कमी आणि चुकीच्या माणसाकडे, चुकीच्या वेळी तपासण्याची जास्त आहे. विकणाऱ्याला विचारून काही कळत नाही. उत्तर दोघांकडेच असतं: ज्यानं मान्यता दिली तो, आणि जिथे तुम्ही दाखला वापरणार आहात तो. खालचे टप्पे या दोघांपर्यंत पोचवणारे आहेत. दिलेल्या क्रमानंच जा, कारण पुढच्या टप्प्यात लागणारी माहिती आधीच्या टप्प्यात मिळते.

हे टप्पे कुणाला लागतील? नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यात काम करणाऱ्या आणि बढतीसाठी दहावी हवी असलेल्या माणसाला. मुलाला ‘सीबीएसई पॅटर्न’च्या शाळेत घालणाऱ्या आईवडिलांना. गणितात अडकलेल्या मुलाला दुसऱ्या बोर्डातून काढून घ्यावं म्हणणाऱ्या घराला. आणि अलीकडे ज्यांची संख्या वाढते आहे, त्या घरी बसून अमेरिकन हायस्कूल डिप्लोमा करण्याचा विचार करणाऱ्यांना.

## तयारी: आधी हे कागद मागून घ्या

संस्थेला फोन करून ‘मान्यता आहे का’ विचारू नका, ‘आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी पुढच्या गोष्टी लेखी किंवा व्हॉट्सअॅपवर मागा:

- दाखल्यावर छापलं जाणारं बोर्डाचं पूर्ण नाव, अक्षरन् अक्षर, आणि बोर्डाचा पत्ता
- मागच्या वर्षीच्या एखाद्या गुणपत्रकाची प्रत, विद्यार्थ्याचं नाव झाकून
- शाळा असेल तर तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) आणि बोर्डाचा संलग्नता क्रमांक किंवा सांकेतांक
- ज्या शासन निर्णयानं किंवा कायद्यानं मान्यता आहे, त्याचा क्रमांक आणि तारीख
- परीक्षा कुठे, कधी आणि कुणाच्या देखरेखीखाली होते, याचं उत्तर

यातली शेवटची ओळ लोक विसरतात आणि तीच सगळ्यात बोलकी असते. ‘परीक्षेची काळजी करू नका’, ‘घरूनच पेपर लिहा’, ‘मागच्या सालाचा दाखला काढून देतो’ यांपैकी एकही वाक्य ऐकलं तर पुढचे टप्पे करायची गरज नाही. मागच्या तारखेचा दाखला कोणतंही मान्यताप्राप्त बोर्ड देत नाही. तो बनावट कागद आहे, आणि तो वापरणाराही गुन्ह्यात येतो.

तपासा: गुणपत्रकाच्या प्रतीवरचं बोर्डाचं नाव आणि माहितीपत्रकावरचं नाव एकच आहे का? एका शब्दाचाही फरक असेल तर तो गोल करून ठेवा. टप्पा ३ मध्ये लागेल.

## टप्पा १: दाखला कुठे वापरायचा ते लिहून काढा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे गाळतात. पण मान्यता ही हवेत नसते. ‘कशासाठी मान्य’ हा प्रश्न तिला जोडलेलाच असतो. कागदावर लिहा: अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक, पदवी, सरकारी भरती, सैन्यभरती, कंपनीतली बढती, परदेशी विद्यापीठ. पुढची पाचसात वर्षं डोळ्यांसमोर ठेवून लिहा. आज फक्त कंपनीला दहावी दाखवायची असते. तीन वर्षांनी त्याच माणसाला मुक्त विद्यापीठातून पदवी करावीशी वाटते.

प्रत्येक नावापुढे तिथे निर्णय घेणारं कार्यालय लिहा. अकरावीच्या समकक्षतेसाठी, म्हणजे दुसऱ्या बोर्डाचा दाखला इथल्या दाखल्याच्या बरोबरीचा धरण्यासाठी, राज्य मंडळाचं नाशिक विभागीय मंडळ. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे त्याच्याकडे येतात. नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांच्या पदवी प्रवेशासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पात्रता विभाग. भरतीसाठी त्या जाहिरातीतलं पात्रतेचं कलम. कंपनीसाठी तिचा मनुष्यबळ विभाग, आणि त्यांची लेखी अट.

दहावी आणि बारावी साखळीनं जोडलेल्या असतात, हेही इथेच लक्षात घ्या. राज्य मंडळाला बारावीसाठी मान्यताप्राप्त मंडळाची दहावी लागते. दहावी संशयास्पद बोर्डाची असेल तर त्यावर रचलेली खरी बारावी आणि खरी पदवीसुद्धा पडताळणीत अडकू शकते.

सावध: यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकचंच, त्यामुळे बारावी न झालेल्यांना पदवीकडे नेण्यासाठीच्या त्याच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाबद्दल इथे बरंच ऐकीव बोललं जातं. पूर्वतयारी हा बारावीचा दाखला नव्हे. नोकरीच्या जाहिरातीत ‘बारावी उत्तीर्ण’ लिहिलं असेल तर पूर्वतयारीचं प्रमाणपत्र त्या जागी चालेल असं धरून चालू नका.

## टप्पा २: दाखला नेमकं कोण देणार ते ओळखा

तुमच्यासमोर बसलेली संस्था आणि दाखला देणारी संस्था बहुधा वेगळ्या असतात. मधे तीन पातळ्या असू शकतात: क्लास किंवा एजंट, शाळा किंवा अभ्यास केंद्र, आणि बोर्ड. दाखला देण्याचा अधिकार फक्त बोर्डाला. क्लास खरा, शिकवणी उत्तम, सर तळमळीचे, आणि तरी बोर्ड खोटं, असं होऊ शकतं. उलटही होतं: बोर्ड खरं, पण समोरच्या माणसाचा त्या बोर्डाशी काही संबंध नाही.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. बोर्डाला मान्यता आहे का? आणि ही शाळा किंवा केंद्र त्या बोर्डाशी खरोखर जोडलेलं आहे का? एकाचं ‘हो’ दुसऱ्याला लागू होत नाही. पहिल्या प्रश्नासाठी टप्पा ३, दुसऱ्यासाठी टप्पा ४.

## टप्पा ३: बोर्डाची मान्यता तपासा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे सावकाश जाऊ.

क. नोंदणीचे कागद बाजूला काढा. संस्थेनं दाखवलेल्या फाइलीतून पुढचे कागद वेगळे करा: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालचं प्रमाणपत्र, १९५० च्या अधिनियमाखालची सार्वजनिक न्यासाची नोंदणी, कंपनी नोंदणी, आयएसओ, उद्यम, ट्रेडमार्क, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलची नोंद. हे सगळे कागद खरे असू शकतात, पण यांतल्या एकानंही दहावीची परीक्षा घेण्याचा अधिकार मिळत नाही. न्यास तर चार जण मिळून उद्या नोंदवू शकतात. ‘भारत सरकार नोंदणीकृत’ हे शब्द याच कागदांच्या जोरावर फलकावर येतात. कागद बाजूला काढल्यावर फाइलीत काय उरलं ते पाहा. बऱ्याचदा काहीच उरत नाही.

ख. अधिकार कुठून आला ते विचारा. आपलं राज्य मंडळ राज्याच्या १९६५ च्या कायद्यानं चालतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, म्हणजे एनआयओएस, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था आहे. १९८९ मध्ये ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली. सीबीएसई केंद्राचं. आयसीएसई घेणारी कौन्सिल १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे हे खरं, आणि बोगस बोर्डवाले हेच उदाहरण पुढे करतात. पण त्या कौन्सिलचा सार्वजनिक परीक्षा घेणारी संस्था म्हणून दिल्ली शालेय शिक्षण अधिनियम, १९७३ मध्ये उल्लेख आहे. तुमच्या बोर्डाला असा आधार कुठला, एवढंच विचारायचं. उत्तरात कायदा किंवा शासन आदेश यायला हवा, क्रमांक आणि तारखेसकट.

ग. आदेश मूळ ठिकाणी उघडून वाचा. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर शोधा, संस्थेनं पाठवलेली पीडीएफ वाचू नका. वाचताना विषय पाहा. ‘मान्यता देण्याबाबतचा अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवत आहे’ असं पत्र मान्यतापत्र म्हणून दाखवलं जातं. मंत्रालयाच्या शिक्क्याची पोच दाखवली जाते. माहिती अधिकारात आलेलं ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ हे उत्तरसुद्धा लॅमिनेट करून लावलेलं असतं. कागदावर राजमुद्रा असली म्हणजे कागदानं मान्यता दिली असं होत नाही.

घ. कोब्सेची यादी पाहा. देशातल्या शालेय मंडळांची कौन्सिल ऑफ बोर्ड्स ऑफ स्कूल एज्युकेशन ही परिषद आहे, तिला सगळे कोब्से म्हणतात. तिची सदस्य मंडळांची यादी अनेक कार्यालयं संदर्भाला घेतात. यादी तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा, आणि नाव शब्दशः जुळवा. तयारीत गोल करून ठेवलेला शब्द इथे कामाला येतो. खोट्या मंडळांची नावं खऱ्यांच्या अगदी शेजारी उभी केलेली असतात: ‘राष्ट्रीय’च्या जागी ‘भारतीय’, ‘संस्थान’च्या जागी ‘परिषद’, मधे एखादा ‘केंद्रीय’. ‘दिल्ली बोर्ड’ असं तोंडी सांगणाऱ्याला तर पूर्ण नाव लिहूनच मागा, कारण दिल्लीतल्या बहुतेक शाळा सीबीएसईच्या आहेत.

यादीत नाव नसेल तर थांबा. नाव असेल तरी टप्पा ६ सोडू नका. यादी हा संदर्भ आहे, तुमच्या प्रवेशाचा निर्णय नव्हे.

नेहमीची चूक: ‘यूजीसीच्या बोगस यादीत नाव नाही, म्हणजे खरं.’ विद्यापीठ अनुदान आयोगाची ती यादी बनावट विद्यापीठांची असते. शालेय बोर्ड तिच्यात येणारच नाही, खरं असो की खोटं.

दुसरी चूक: डिजिलॉकर. स्वतः स्कॅन करून टाकलेला कोणताही कागद तिथे ठेवता येतो. ग्राह्य धरायचा तो संस्थेनं थेट जारी केलेला दाखला. एजंट मोबाइलवर ‘बघा, डिजिलॉकरमध्ये आहे’ म्हणून दाखवेल तेव्हा तो कुठल्या विभागात आहे ते पाहा.

## टप्पा ४: शाळा किंवा केंद्र त्या बोर्डाचं आहे का

शाळेचा यू-डायस क्रमांक केंद्राच्या यू-डायस पोर्टलवर टाकून पाहा. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७२० नं सुरू होतो. २७ राज्याचा, २० नाशिक जिल्ह्याचा. नाव, पत्ता आणि शाळा कितवीपर्यंत आहे हे जुळलं पाहिजे. शाळा आठवीपर्यंतची आणि दहावीचा वर्ग भरतो आहे, असं दिसलं तर मुलांची नावं परीक्षेला कुठल्या दुसऱ्याच शाळेतून जाणार आहेत, हे विचारायची वेळ आली.

सीबीएसईची संलग्नता सीबीएसईच्या संकेतस्थळावर शाळेच्या नावानं किंवा संलग्नता क्रमांकानं शोधता येते. तिथे तीन गोष्टी वाचा: संलग्नता दहावीपर्यंत की बारावीपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोणत्या पत्त्यासाठी. एकाच संस्थेची गंगापूर रोडची शाळा संलग्न असते आणि सिन्नरची नवी शाखा नसते. फलक मात्र दोन्हीकडे सारखाच. संलग्नता पत्त्याला मिळते, संस्थेच्या नावाला नाही.

‘सीबीएसई पॅटर्न’ म्हणजे फक्त पुस्तकं आणि वेळापत्रक तसं. बोर्डाशी जोडलेली शाळा ‘पॅटर्न’ हा शब्द वापरत नाही, तिला तशी गरजच नसते. मूल लहान असताना यानं फारसं बिघडत नाही, नववीत बिघडतं. सीबीएसई विद्यार्थ्यांची नोंदणी नववीत आणि अकरावीत करते. म्हणून नववीच्या पहिल्या सहामाहीत शाळेकडे नोंदणीचा पुरावा मागा आणि त्यावर शाळेचं नाव वाचा. तिथे भलत्याच शाळेचं नाव असेल तर मुलाचा शाळा सोडल्याचा दाखलाही त्याच शाळेचा येणार.

राज्यातल्या शाळेला शासनाची मान्यता आहे का, हे माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि महापालिका हद्दीतल्या प्राथमिक वर्गांसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागात विचारा. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्याही जाहीर करतो. प्रवेशाच्या हंगामात त्या वर्तमानपत्रांत येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि नंतरच्या प्रत्येक दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड शाळेला होतो, पण मुलाचं वर्ष परत मिळत नाही.

एनआयओएसच्या बाबतीत अभ्यास केंद्र एनआयओएसच्याच यादीत शोधा. प्रवेश एनआयओएसच्या संकेतस्थळावर होतो आणि प्रवेश शुल्कही तिथेच जमा होतं. क्लासनं शिकवणीचे वेगळे पैसे घेतले तर त्यात गैर काही नाही. पण प्रवेश शुल्क एजंटच्या खात्यात जात असेल तर नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

तपासा: इथपर्यंत तुमच्याकडे दोन स्वतंत्र ‘हो’ आले का, बोर्डाचा एक आणि केंद्राचा एक? दोन्ही संस्थेनं पाठवलेल्या दुव्यावरून नव्हे, तुम्ही स्वतः शोधलेल्या ठिकाणाहून?

## टप्पा ५: अमेरिकन हायस्कूल डिप्लोमा असेल तर

भारतातल्या बोर्डाचा विचार असेल तर हा टप्पा सोडून सहाव्यावर जा.

अमेरिकेची रचना आपल्यापेक्षा मुळात वेगळी आहे. तिथे आपल्यासारखं राज्य मंडळ दाखला देत नाही; डिप्लोमा शाळा देते. म्हणून सगळं वजन शाळेच्या अॅक्रेडिटेशनवर, म्हणजे बाहेरच्या संस्थेनं केलेल्या दर्जा-तपासणीवर येतं. आणि ही तपासणी करणाऱ्या संस्था सरकारी नसतात. अमेरिकेचं केंद्रीय शिक्षण खातं शाळांना अॅक्रेडिटेशन देत नाही. उच्च शिक्षणातल्या तपासणी संस्थांना ते मान्यता देतं, शाळा तपासणाऱ्यांना नाही. त्यामुळे ‘यूएस डिपार्टमेंट ऑफ एज्युकेशन अप्रूव्हड हायस्कूल’ असं जाहिरातीत दिसलं तर तो दावाच चुकीचा आहे.

शाळांसाठी सर्वमान्य मानल्या जाणाऱ्या तपासणी संस्था मोजक्या: कॉग्निया, मिडल स्टेट्स असोसिएशन, न्यू इंग्लंड असोसिएशन आणि पश्चिमेकडची वॅस्क. जुन्या कागदावर ‘अॅडव्हान्सएड’ दिसलं तर बिचकू नका, तीच संस्था २०१९ पासून कॉग्निया या नावानं काम करते.

क्रम असा ठेवा:

१. शाळेचं कायदेशीर नाव, शहर आणि राज्य लिहून घ्या. एकाच नावाच्या शाळा अनेक राज्यांत असतात.

२. शाळेच्या संकेतस्थळावरच्या बोधचिन्हावर क्लिक करू नका. तपासणी संस्थेचं संकेतस्थळ वेगळं उघडा आणि तिच्या यादीत शाळा शोधा.

३. शेरा वाचा. ‘अॅक्रेडिटेड’ आणि ‘कँडिडेट’ वेगळे. उमेदवार शाळेला अजून मान्यता मिळालेली नसते. मुदत पाहा. मूल डिप्लोमा घेईल त्या वर्षी ती चालू असायला हवी, म्हणून नूतनीकरण कधी आहे हेही विचारा.

४. कोणत्या इयत्ता आणि कोणता कार्यक्रम तपासला गेला ते पाहा. प्रत्यक्ष भरणारी शाळा तपासलेली आणि परदेशी मुलांसाठीचा ऑनलाइन भाग न तपासलेला, असं असू शकतं.

५. तपासणी संस्थेचं नाव वरच्यांपैकी नसेल तर ती किती शाळा तपासते, कोणत्या निकषांवर, आणि तिचा पत्ता शाळेच्याच पत्त्याशी जुळतो का, हे पाहा. डिप्लोमा विकणारे स्वतःचीच तपासणी संस्था उभी करतात. २०१४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं ऑनलाइन हायस्कूल डिप्लोमा विकणाऱ्यांवर न्यायालयात कारवाई केली होती.

सावध, राज्याची नोंद: कॅलिफोर्नियात खासगी शाळेला दरवर्षी एक प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. ते भरलं म्हणजे राज्यानं शाळेला मान्यता दिली असा अर्थ होत नाही, हे तिथलं शिक्षण खातं स्वतः सांगतं. भारतात मात्र त्याच प्रतिज्ञापत्राची प्रत ‘गव्हर्न्मेंट ऑफ कॅलिफोर्निया’ म्हणून दाखवता येते.

सावध, अपोस्टिल: हा गोंधळ मला सगळ्यात घातक वाटतो. अपोस्टिल म्हणजे परदेशात वापरायच्या कागदावरचं सरकारी प्रमाणन. ते हेग करारानुसार लागतं आणि फक्त एवढंच सांगतं की कागदावरची सही-शिक्का ज्या अधिकाऱ्याचा म्हटलाय त्याचाच आहे. नोटरीसमोर सही केलेल्या कुठल्याही कागदाला ते मिळू शकतं. डिप्लोमा चांगला की टाकाऊ, शाळा खरी की खोटी, याच्याशी त्याचा संबंध नाही. सोनेरी मोहर आणि लाल फीत पाहून लाखभर रुपये मोजणारे लोक आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अॅक्रेडिटेशन नाही म्हणजे शाळा लुच्चीच, असं नाही. तिथल्या बऱ्याच राज्यांत ते ऐच्छिक आहे, आणि काही छोट्या खासगी शाळा ते घेत नाहीत. पण नाशिकला बसून तो डिप्लोमा वापरायचा असेल तर तुमच्यासाठी तो प्रश्न तिथेच संपतो, कारण इथल्या कार्यालयाकडे दुसरं मोजमाप नाही.

आता भारतातली समकक्षता. परदेशी पात्रतेच्या समकक्षतेचं काम वर्षानुवर्षं दिल्लीची भारतीय विद्यापीठ संघ ही संस्था पाहत आली. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं यासाठी नवे विनियम काढले. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ किंवा कुणाचा तरी जुना अनुभव वापरू नका. ज्या विद्यापीठात जायचं त्याच्या पात्रता विभागाला विचारा: समकक्षता प्रमाणपत्र कुणाचं चालेल, आणि ऑनलाइन पद्धतीनं घेतलेला डिप्लोमा त्यात बसतो का? हा दुसरा प्रश्न विचारायचा राहतो आणि मग तोच नडतो.

## टप्पा ६: जिथे वापरायचा तिथून लेखी उत्तर घ्या

टप्पा १ मधली यादी काढा. प्रत्येक कार्यालयाला ईमेल करा किंवा आवक-जावक विभागात अर्ज देऊन पोच घ्या. फोनवर ‘चालेल बहुतेक’ असं उत्तर मिळतं, आणि दोन वर्षांनी त्या टेबलावर दुसरा माणूस असतो.

अर्ज लहान ठेवा:

‘महोदय, ……… या मंडळाची इयत्ता बारावीची परीक्षा उत्तीर्ण विद्यार्थी आपल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात प्रथम वर्ष वाणिज्य वर्गाच्या प्रवेशास पात्र आहे काय? असल्यास समकक्षता प्रमाणपत्र व स्थलांतर प्रमाणपत्र यांपैकी कोणती कागदपत्रे आवश्यक आहेत? मंडळाचे पूर्ण नाव, पत्ता व नमुना गुणपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. कृपया लेखी कळवावे.’

एका अर्जात एकाच कोर्सबद्दल विचारा. ‘हे बोर्ड खरं आहे का’ असं विचारलंत तर कुणीच उत्तर देणार नाही. ‘या कोर्सला पात्र आहे का’ याचं उत्तर देणं त्यांचं कामच आहे.

उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. राज्याच्या कार्यालयांसाठी साध्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की पुरतं, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शिक्षणाधिकाऱ्यांना विचारा: अमुक पत्त्यावरील अमुक शाळेस कोणत्या इयत्तांसाठी, कोणत्या आदेशान्वये मान्यता आहे? मत विचारू नका, आदेशाची प्रत मागा.

## टप्पा ७: पैसे भरताना

इथे थोडक्यात. रोख देऊ नका. पावतीवर बोर्डाचं पूर्ण नाव, इयत्ता आणि कशाचे पैसे ते लिहून घ्या. मूळ शाळा सोडल्याचा दाखला कुणाच्याही ताब्यात ‘फाइलीसाठी’ ठेवू नका. लागेल तिथे स्वतः सादर करा आणि पोच घ्या. नोंदणी क्रमांक मिळाल्याच्या आठवड्यात तो बोर्डाच्या संकेतस्थळावर टाकून नाव, जन्मतारीख आणि विषय तपासा. स्पेलिंगची चूक आत्ता दुरुस्त होते, निकालानंतर फार वेळ खाते.

## एजंटकडे जाण्याआधी हे सरळ रस्ते पाहा

खासगी बोर्डाकडे वळणाऱ्या कित्येकांना त्याची गरजच नसते.

दहावीत एक-दोन विषय राहिले असतील तर राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा आहे, आणि एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. एका गणितासाठी पूर्ण बोर्ड बदलू नका.

शाळा मध्येच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगीरीत्या बसण्याचा अर्ज. दहावीला बसण्यासाठी किमान पाचवी उत्तीर्ण आणि वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. बारावीसाठी मान्यताप्राप्त मंडळाची दहावी आणि मधे दोन वर्षांचं अंतर. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि कागदपत्रं संपर्क केंद्र म्हणून निवडलेल्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात द्यायची. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी हा फॉर्म कितीतरी महिने आधी भरून घेतात. जानेवारीत जागे होणारे इथे चुकतात आणि मग ‘महिन्यात दहावी’वाल्याकडे जातात.

एनआयओएसमध्ये दहावीसाठी १४ आणि बारावीसाठी १५ वर्षं वय लागतं. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. मान्यताप्राप्त बोर्डात आधी उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिकडे नेता येतात, त्यामुळे थोडक्यात हुकलेल्याला कमी पेपर द्यावे लागतात. शिवाय पुण्याच्या राज्य मंडळाकडे महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही आहे; त्याची कोणकोणत्या इयत्तांची परीक्षा होते ते तिथेच विचारा.

## दाखला आधीच घेतला असेल तर

टप्पा ३ आणि ६ आजच करा, पुढच्या प्रवेशाची वाट पाहू नका. उत्तर नकारार्थी आलं तर तो दाखला कुठल्याही अर्जाला जोडू नका, आधी जोडला असेल तर त्या कार्यालयाला स्वतः लेखी कळवून काय करता येईल ते विचारा. पडताळणीत सापडण्याआधी सांगितलेलं आणि सापडल्यावर सांगितलेलं यात फार फरक पडतो.

पावत्या, व्हॉट्सअॅपचे संवाद, जाहिरातीचा फोटो, खात्यात पाठवलेल्या पैशांचा तपशील एका ठिकाणी ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि प्रकार ताजा असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आधी फोन करा, कारण खातं गोठवायचं तर तास महत्त्वाचे असतात. तक्रारीची एक प्रत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक विभागीय शिक्षण उपसंचालकांना द्या.

तक्रार चालू राहील. अभ्यास तिच्यासाठी थांबवू नका. १७ नंबर किंवा एनआयओएसची पुढची मुदत बघून त्याच आठवड्यात फॉर्म भरा. बोगस दाखल्यात दाखवलेली दहावी नव्या अर्जात लिहू नका; शेवटची खरी उत्तीर्ण इयत्ता लिहा आणि त्या शाळेतून शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत काढायला आधी जा, कारण सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागतो.